अर्जासोबत जोडायचा लेख

लेख पाठवायची मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती. सकाळी भरताची वांगी चुलीत जायच्या आतच लगडवस्तीवरच्या झाडून सगळ्यांनी तो वाचला होता, आणि ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं त्यांना मोठ्याने वाचून दाखवण्यात आला होता. ज्या संस्थेला तो वाचायचा होता तिच्याकडे मात्र तो अजून गेलेला नव्हता.

यात हर्षलचा दोष काढायचा तर काढता येईल, पण हर्षल आपल्या धंद्याच्या नियमाने वागला होता. श्रीगोंद्यात बसस्टँडसमोर त्याचं 'मल्हार डिजिटल' आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, दशक्रियेचे फोटो, सगळं तिथे होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्याने एका पत्रिकेत नवरीच्या थोरल्या मामांचं नाव गाळलं. मामांनी पत्रिका तशीच परत पाठवली, आणि हर्षलने सगळ्या पत्रिका स्वतःच्या खिशातून पुन्हा छापल्या. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. मजकूर कुठलाही असो, आधी त्या घरच्या ग्रुपवर टाकायचा, सगळ्यांचं ओके येऊ द्यायचं, मगच हात लावायचा.

संस्कृतीने त्याला लेख पाठवला तो एवढ्याचसाठी, की तिच्या मोबाईलवर पीडीएफ केली की जोडाक्षरं फुटत होती. चुलतभाऊ आहे, दोन मिनिटांत करून देईल, असा तिचा हिशेब. हर्षलने मजकूर नीट मांडला, सवयीने वर '॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥' घातलं आणि 'लगड परिवार' या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "प्रूफ तपासावे. नाव राहिले असल्यास आत्ताच सांगणे. नंतर तक्रार चालणार नाही."

दिवसही असा, की लपायला जागा नव्हती. चंपाषष्ठी होती. चार महिने बंद असलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी घरात येतो, बाजरीचे रोडगे होतात, खंडोबाची तळी भरली जाते. लगडांची जमीन वाटली गेली, विहिरीच्या पाण्याच्या बाऱ्या, म्हणजे पाळ्या, वाटल्या गेल्या, चुली वेगळ्या झाल्या. देव मात्र वाटता आला नव्हता. तो थोरल्या मच्छिंद्रआप्पांच्या देवघरात राहिला. त्यामुळे धाकटे भिमाजीतात्या वर्षातून एकदा, चंपाषष्ठीला, बायकोमुलाला घेऊन बांध ओलांडून थोरल्याच्या घरी येत. दोघे भाऊ एकाच ताम्हणाला दोन बाजूंनी हात लावून 'येळकोट येळकोट, जय मल्हार' म्हणत. देवाशी दोघे बोलत, एकमेकांशी बोलत नसत. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगत, आणि तिसरं कुणी नसलं तर कुत्र्याला सांगत.

ते का बोलत नव्हते, हाच संस्कृतीच्या लेखाचा विषय होता.

पुण्याच्या त्या संस्थेला गावोगाव फिरून पाण्याच्या हकीकती लिहिणारी माणसं हवी होती. अर्जासोबत एक लेख जोडायचा होता, 'तुमच्या गावातल्या पाण्याची एक खरी गोष्ट, स्वतःच्या शब्दांत, ज्यांच्याबद्दल लिहाल त्यांच्याशी बोलून'. आणि खाली ठळक अक्षरांत, 'हिवरे बाजार सोडून'. नगर जिल्ह्यातून त्या एकाच गाजलेल्या आदर्श गावावर किती लेख आले असतील हे त्या ओळीवरून संस्कृतीला कळलं, आणि संस्था तिला तिथल्या तिथे आवडली.

तिला ही नोकरी हवी होती, आणि का हवी होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा नोकरी लागली तर दोन वर्षं स्थळाचं नाव काढायचं नाही, असं तिचे वडील, आप्पा, कबूल झाले होते. नाही लागली तर पारनेरच्या स्थळाला पौष लागायच्या आत चहाला बोलवायचं. मुलगा चांगला होता. त्याच्यात खोट काढता येत नाही हीच संस्कृतीची अडचण होती. या आधी एका वर्तमानपत्राने आणि एका शाळेने तिला कळवतो म्हणून सांगितलं होतं, आणि अजून कळवलं नव्हतं. उरली होती ही एक संस्था.

म्हणून तिने जे तिला पाठ होतं ते लिहिलं. आजोबांची, म्हणजे आबांची, एक विहीर. आठ दिवस थोरल्याची बारी, आठ दिवस धाकट्याची. एका कोरड्या भाद्रपदात थोरल्याच्या बारीत मोटार चालली आणि दिवसभर पाणी गेलं धाकट्याच्या लिंबाच्या बागेत. संध्याकाळी आप्पा विहिरीवर गेले, बाग भिजलेली पाहिली, आणि त्या रात्री घराच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. पुढे प्रकरण तहसीलपर्यंत गेलं आणि तात्यांनी बांधापलीकडे वेगळं घर बांधलं. तेव्हा संस्कृती पाच-सहा वर्षांची होती. आता तिने एमए केलं होतं, पण या एका गोष्टीसाठी कुणाशी बोलावं असं तिला वाटलं नाही. या घरात ती गोष्ट रोजच्या भाजीइतकी सगळ्यांच्या तोंडात होती.

तळी भरून झाली, पंगत बसली, आणि पहिला रोडगा मोडायच्या आत भिमाजीतात्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"हर्षल," ते मुलाला म्हणाले, "ताईला सांग. मला निसतं 'काका' लिवलंय. माजी उपसरपंच हे कुठंच न्हाई."

ताई म्हणजे संस्कृती. ती त्यांच्यापासून दोन हातांवर वाढत होती.

"तात्या, ती पत्रिका नाही," ती म्हणाली. "लेख आहे."

"मंग? लेखात मानूस हुद्द्यासकट जात न्हाई का?"

हर्षल लॅपटॉप मांडीवर घेऊन जेवत होता. डाव्या हाताने त्याने 'माजी उपसरपंच' टाकलं.

"हर्षल, काढ ते," संस्कृती म्हणाली.

"ग्रुपवर सगळ्यांचं ओके आलं की काढतो."

रेश्माकाकूंची, म्हणजे तात्यांच्या बायकोची, हरकत वेगळी होती. "आमची बाग 'वाळत आली होती' असं लिवलंय. आमची बाग कवाच वाळली न्हाई. त्या साली मार्केटला लिंबू कुनाचं गेलं इचारा. उद्या व्यापारी वाचतील."

"काकू, पुण्याच्या संस्थेत लिंबाचे व्यापारी नसतात."

"पुण्यालाच तर जातं लिंबू," काकू म्हणाल्या.

संस्कृतीच्या आईने चुलीपासून हाक मारली. "आन् चुली येगळ्या झाल्या एवढंच लिवू नको गं. आमा जावांचं कवा वाकडं न्हवतं, ते बी घाल. न्हाईतर लोकांला वाटंल बायकांनीच घर फोडलं."

"खरंय जाऊबाई," काकू म्हणाल्या, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचं खरंच कधी वाकडं नव्हतं. बांधावर भेटून त्या रोज अर्धा तास बोलत आणि नवऱ्यांना सांगत नसत.

मच्छिंद्रआप्पा खाली मान घालून जेवत होते. त्यांचा फोन साधा, ग्रुप त्यांच्याकडे नव्हता. लेख त्यांना आईने वाचून दाखवला होता. भरताचा दुसरा घास झाल्यावर ते म्हणाले, "माझा आवाज चढला म्हणून लिवलंय."

"चढला होता ना, आप्पा?"

"चढला न्हवता. माझा आवाज हायेच तसा."

हर्षलने तेही दुरुस्त केलं. ताटं अर्धी होईपर्यंत लेखातला आवाज उतरला, बाग हिरवी झाली, जावा बहिणींसारख्या नांदू लागल्या, आणि विहिरीच्या बाऱ्या 'सर्वांनी एकत्र बसून विचारविनिमयाने' ठरल्या. आता लेखात भांडण कशावरून झालं हे सांगायची सोय उरली नव्हती. संस्कृतीने स्क्रीनवर नजर टाकली. हे वाचून तिला नोकरी कुणी देणार नव्हतं. देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती मात्र दिली असती.

"आन् मेन गोष्ट," तात्या म्हणाले. त्यांनी हात धुतले नव्हते, याचा अर्थ ते थांबणार नव्हते. "मोटार मी चालू केली असं हितं सरळ लिवलंय. त्या दिशी मी पंचायत समितीला गेल्तो. अठरा-एकोनीस वर्सं झाली सांगतोय. हर्षल, लिही, भिमाजीने मोटार चालू केली न्हाई."

आप्पांनी ताट बाजूला सारलं. "हर्षल, तुझ्या बापाला इचार. मंग काय इहीर आपल्या पायानं चालत लिंबात गेली?"

"हर्षल, आप्पांना सांग, मला काय ठावं."

"हर्षल, सांग त्याला, बाग कुनाची भिजली?"

हर्षल घास तसाच हातात धरून कधी इकडे कधी तिकडे बघत होता. लेखातली ती ओळ त्याने तीनदा खोडली आणि तीनदा लिहिली.

"आक्काला इचारा ना," तात्या एकदम म्हणाले. "आक्का त्या साली आली हुती हितं. आक्का, तू सांग. मी तसा मानूस हाय का?"

"आक्का, तूच सांग," आप्पाही म्हणाले. "मी उगंच बोललो असंन का?"

मुक्ताबाई या दोघांची थोरली बहीण. कर्जतकडच्या एका खेड्यात दिलेली. आज सकाळी दोन एसट्या बदलून आली होती आणि आल्यापासून वांगी सोलत होती. पंगतीला बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण वांगी सोलायची राहिली होती. संस्कृतीला ती मनापासून आवडायची. लहानपणी आत्या आली की घर जरा सैल व्हायचं, एवढं तिला आठवत होतं.

"मला काय इचारता," मुक्ताबाई म्हणाली. "मी त्यात न्हाईच."

"कशात?" संस्कृतीने विचारलं.

"तुझ्या लेखात. सकाळी हर्षलनं वाचून दावला ना. 'माझ्या आजोबांना दोन मुलं.'" वांग्याचं काळं साल बोटाने ओढत ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. भाजीत मीठ आहे की नाही ते सांगावं तसं तिने सांगितलं.

सकाळपासून बारा जणांनी आपापलं नाव, हुद्दा, आवाज आणि बाग तपासली होती. आजोबांना मुलं किती, हे कुणीही तपासलं नव्हतं. आणि लिहिलं होतं तिने स्वतः.

"तसं नव्हतं गं म्हणायचं, आत्या. जमिनीच्या हिशेबानं..."

"आसू दे. जमिनीत न्हाईच मी, सही दिली हाय." मुक्ताबाईने सोललेलं वांगं परातीत टाकलं. "पन मोटारीचं इचारत आसाल तर मोटार मी चालू केल्ती."

बाहेर गोठ्यात म्हशीने पाय बदलला तेवढा आवाज झाला.

"तू?" आप्पा म्हणाले.

"व्हय."

"कशाला?"

"गोधड्या धुवायला. चार दिवसांवर घट बसायचे हुते. घरात एवढी अंथरुनं, ह्या दोघींची पोरं ल्हान, म्हनून आबांनी मला सांगावा धाडला, ये म्हनून. हौद भरल्याबिगर गोधड्या कशा धुनार? आन् हौद भिमाच्या बाजूला. भरून वाहिला की पानी लिंबात जातं. जाऊ द्या म्हनलं, झाडंच हायेत."

आईच्या हातातली उलथणी थांबली. "आगं बाई," ती म्हणाली. "बांधावर वाळत घातल्या होत्या. ह्या टोकापासून त्या टोकापत्तूर. मीच सांजच्याला गोळा केल्या."

"मी बी हुते," काकू म्हणाल्या. "दोघींनी घड्या घातल्या."

दोघी जावांनी पुन्हा एकमेकींकडे पाहिलं, आणि आईने पदर तोंडाला लावला. आधी खोकला आल्यासारखं झालं, मग काकूंनाही तो खोकला लागला. दोघी चुलीमागे गेल्या आणि तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

भाऊ हसले नाहीत. वाटलेली जमीन, घरातली भिंत, तहसीलदारांपुढच्या तारखा, दोन वेगळ्या पाइपलाइनी, एका भाच्याच्या लग्नात वेगवेगळ्या पंगती, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि तो पाहून ते सख्खे भाऊ आहेत हे कुणीही सांगितलं असतं.

"भिमा," आप्पा म्हणाले.

हर्षलच्या हातातला घास ताटात पडला.

"बोल, दादा."

"हे घराबाहेर जाता कामा नये."

"न्हाई जानार, दादा. लोक काय म्हनतील? लगडांनी घर फोडलं गोधड्यांपायी?"

"तहसीलदारापत्तूर गेलो आपन."

"वकील लावला हुता."

अठरा-एकोणीस वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांशी बोलले, आणि जे बोलले ते संस्कृतीच्या नोकरीच्या विरोधात होतं.

"ताई," तात्या म्हणाले, आता सरळ तिच्याकडेच बघून, "तुझा पयला मजकूर हाय ना, सकाळचा, त्योच पाठव. मोटार मीच चालू केली, राहू दे तसंच. माझी काय हरकत न्हाई."

"तुझ्यावर कशापायी?" आप्पा म्हणाले. "मी केली म्हनून लिही, संस्कृती. माझी बारी, माझी मोटार. चुकून कॉक तिकडं राह्यला म्हनावं."

"न्हाई दादा, आता लिवलेलंच हाय तर माझ्याच नावावर राहू दे."

"मी थोरला हाय, भिमा."

"म्हनूनच तुझ्यावर नको."

दोघे बराच वेळ एकमेकांचा गुन्हा आपल्या अंगावर ओढून घेत राहिले. एवढं प्रेम त्या घरात वाटणीनंतर कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी ठरलं, की सकाळचा मजकूर जसाच्या तसा जाईल, 'माजी उपसरपंच' सुद्धा नको. तात्यांनी ते स्वतःहून सोडलं. आप्पांनी त्यांच्या पानात भरत वाढलं. तात्यांनी नको म्हटलं नाही.

संस्कृती उभी राहून हे बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. आप्पांना असं हसऱ्या डोळ्यांनी भावाकडे बघताना तिने कधी पाहिलं नव्हतं. सकाळचा लेख चांगला होता, तिचा होता, आता त्यावर सगळ्या घराचं ओके होतं. तो पाठवला की काम झालं. फक्त तो खोटा होता, हे आता तिला माहीत होतं. आणि तिला राग आला, खरा राग, की इतकं सगळं होऊनही दोघांपैकी एकाने मान वळवून बहिणीला विचारलं नाही, आक्का, तू तेव्हा बोलली का नाहीस. मुक्ताबाई वांगी संपवून हात धुवायला उठली होती. तिच्या पानावर रोडगा कुणी वाढला नव्हता. संस्कृतीने वाढला.

चारच्या सुमारास हर्षलने टेम्पो काढला. आत्याची एसटी श्रीगोंद्याहून होती आणि पीडीएफ दुकानातच व्हायची होती, म्हणून तिघे निघाले. आप्पा आणि तात्या दोघेही टेम्पोपर्यंत आले.

"पयलाच मजकूर," तात्यांनी मुलाला बजावलं.

"पयलाच," आप्पांनी बजावलं.

पुढे तिघांनी बसायचं म्हणजे गियर टाकताना हर्षल दर वेळी "आत्या, पाय" म्हणे. उसाची एक ट्रॉली बराच वेळ पुढून हटली नाही.

दुकानात मुक्ताबाईला प्लास्टिकची खुर्ची मिळाली, वाढदिवसाच्या एका फ्लेक्सखाली. संस्कृती कीबोर्डपुढे बसली. सकाळचा मजकूर समोर होता. पहिल्याच ओळीवर तिचा हात थांबला.

"आत्या," ती वळून म्हणाली, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की."

"कधी?"

"त्याच सांजच्याला. पयलं आबांला सांगितलं. ते म्हनले, बहिनीनं भावांच्या मधी बोलू ने. मंग मच्छूला सांगितलं. त्यो म्हनला, आक्का, तू भिमाला पाठीशी घालतीस. मंग भिमाला सांगितलं. त्यो म्हनला, तू भांडन मिटवायला खोटं बोलतीस, आक्का, माझी चूक न्हाई तर मी का मिटवू?" ती पिशवीतलं तिकिटाचं सुटं काढून मुठीत धरत होती. "मंग मी गोधड्या माळ्यावर ठिवल्या आन् दुसऱ्या दिशी गेले. पुढच्या साली सहीला बोलावलं तवा आले."

हर्षल दारात उभा राहून ऐकत होता. संस्कृतीने सकाळचा मजकूर सगळा उडवला आणि नवा लिहायला घेतला. खंडोबाचं नाव तेवढं वर राहिलं, ते काढायचं तिला सुचलं नाही. ती सावकाश टाईप करणारी नव्हती, पण आज मधेमधे थांबून विचारत होती. हौद केवढा होता, घरात तेव्हा माणसं किती, साबण कुणी आणला. मुक्ताबाई सगळं सांगत होती. इतकं तिला एका बैठकीत कुणी विचारलं नसावं.

हर्षलचा फोन वाजला. स्क्रीनवर तात्यांचा उपरण्यातला फोटो.

"हा, पप्पा," तो म्हणाला. "हो. चाललंय. हो, हो." त्याने फोन ठेवला, लॅपटॉपकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. "प्रूफ ग्रुपवर टाकायचं?" त्याने विचारलं. नियम तो नियम.

"नाही," संस्कृती म्हणाली.

हर्षलने डोकं खाजवलं. "मी चहा सांगून येतो," तो म्हणाला. चहावाला शेजारच्या टपरीत होता, हाक मारली तरी ऐकू जाई. हर्षल मात्र रस्ता ओलांडून पार एसटीच्या कँटीनकडे चालत गेला.

सहा वाजायला आले तेव्हा लेख संपला. जोडाक्षरं जागच्या जागी होती. संस्थेचा पत्ता टाकून झाला. पाठवलं की घरी काय होईल हे संस्कृतीला नीट दिसत होतं. आप्पा आज मिळालेल्या भावासकट तिच्यावर रुसतील. दोघे मिळून रुसतील, आणि पारनेरच्या स्थळाला उद्याच फोन जाईल.

"मला तेवढं वाचून दाव," मुक्ताबाई म्हणाली. "माझ्यावरचं."

'त्यांच्याशी बोलून' ही संस्थेची अट संस्कृतीला आठवली नाही. आत्याने मागितलं म्हणून ती वाचू लागली. आबांची तीन लेकरं, त्यातली थोरली मुक्ता. सांगावा, भाद्रपद, हौद, बांधावरच्या ओल्या गोधड्यांची रांग. तिने आबांना सांगितलं ते, भावांना सांगितलं ते, आणि कुणी काय उत्तर दिलं ते. मुक्ताबाई मान हलवत ऐकत होती. मग ती ओळ आली, "त्या दिवशी आत्याने चुकून थोरल्या भावाच्या बारीत मोटार चालू केली."

"थांब," मुक्ताबाई म्हणाली.

संस्कृतीच्या मनात आलं, आता हीसुद्धा काहीतरी गोड करायला सांगणार. तिचा तो हक्कही होता. सकाळपासून सगळ्यांनी सांगितलं होतं.

"चुकून न्हाई."

"म्हणजे?"

"मला ठावं हुतं बारी मच्छूची हाय म्हनून. आठ दिवस आधी आले असते तर भिमाची असती." बाहेर कर्जतची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मुक्ताबाई उठली, पिशवी काखेला लावली. "जलमले त्या घरात, पन त्या इहिरीवर माझी बारी कंची हुती गं? कुनाच्या तरी बारीतच धुवायच्या हुत्या. तेवढं चुकून काढ."

संस्कृतीने तो शब्द काढला आणि लेख पाठवून दिला.